खेडच्या घाटातला भोंगा

"एकोणतीस मिनिटं!" केबिनमधून उतरत कोंडाजी ड्रायव्हर म्हणाला. "खेडचा घाट चढताना नुसती रडत व्हती राव. वर काळाकुट्ट धूर."

ट्रकमालक नानासाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. आता दुपारी पुन्हा तोच ट्रक, त्याच विटा, तोच घाट. फरक एवढाच, की या वेळी किसनचा भोंगा लावायचा.

भोसरीत त्या उन्हाळ्यात जो तो त्या भोंग्याचंच बोलत होता. पत्र्याचा, हातभर लांब, लग्नातल्या कर्ण्यासारखा. तो इंजिनाची हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरला बाहेरून आवळला की इंजिनाला जास्त हवा मिळते आणि गाडी घाटात घोड्यासारखी पळते, असं किसन सांगे. त्याच्या दुकानासमोरच चिमाजीचं गॅरेज. किसन तिथंच बारा वर्षं काम शिकलेला.

"इंजिन म्हणजे बैल नव्हे, जास्त चारलं की जास्त ओढायला," चिमाजी गिऱ्हाइकांना समजावी. "त्याला लागते तेवढी हवा ते घेतंच."

गिऱ्हाइकं मान डोलवत आणि रस्ता ओलांडून किसनकडे जात. चिमाजीकडे उरल्या होत्या नानासाहेबांच्या सात गाड्या. आज भोंगा हरला तर किसननं तो विकणं बंद करायचं. जिंकला तर त्या सातही गाड्या समोर जाणार, म्हणजे चिमाजीनं गॅरेजला कुलूपच लावायचं.

पैज चोख ठरली होती. घाट चिमाजीनं निवडला. गाडी किसननं, चाकणच्या वीटभट्टीवर धुळीत चालणारी.

"आधी जेवून घेऊ," किसन म्हणाला. "तोवर गाडी वस्तादांच्या दारात लावा. माझ्या दारात नको. उद्या कुणी म्हणायला नको, किसननं गुपचूप काही कळ फिरवली."

"गडी इमानी हाय," कोंडाजी म्हणाला.

चिमाजीलाही बरं वाटलं. कसा का असेना, आपल्या हाताखालचा.

मंडळी खानावळीत गेली. चिमाजीनं भाकरीचं फडकं सोडलं, पण हात स्वस्थ बसेनात. दारात आलेली गाडी म्हणजे पाहुणा, तिला तसंच पाठवायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. नव्या शिकाऊलाही पहिला धडा हाच. त्यानं टायर ठोकून पाहिले, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, एअर क्लीनरची जाळी रॉकेलनं धुतली, त्याच्या भांड्यातला गाळ काढून ताजं तेल घातलं, काच पुसली. मग कुठं भाकरीला हात लावला.

जेवण उरकून किसन आला. त्यानं भोंगा आवळला आणि ट्रक गेला.

साडेचारला कोंडाजी हॉर्न वाजवतच परतला. "बावीस मिनिटं! धूर न्हाई, धाप न्हाई! वस्ताद, तुमी म्हातारे झाला आता!"

लोक खो खो हसले. नानासाहेब नजर चुकवत म्हणाले, "चिमाजी, शब्द म्हणजे शब्द." आणि किसनला सात भोंगे सांगून गेले.

बाकीचे किसनकडून चहा उकळायला टपरीवर गेले. चिमाजीनं स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं पाटी उतरवली. इतकी वर्षं इतक्या पोरांना जे शिकवलं, तेच खोटं निघालं होतं. ते त्याला पाटीपेक्षा जड झालं. तो पाना घेऊन ट्रककडे गेला. हरलो ते कशानं, एवढं तरी शिकून घ्यावं.

त्यानं पट्टीचे चार बोल्ट सोडले. भोंगा हातात आला.

खाली भोकच नव्हतं. एअर क्लीनरचा पत्रा अखंड होता, रंगसुद्धा खरवडला नव्हता.

मागं पावलं वाजली. किसन उभा होता.

"यातून आत काहीच जात नाही," चिमाजी म्हणाला. "मग गाडी चढली कशानं?"

किसननं त्याच्या हातून भोंगा घेतला आणि हळूच म्हणाला, "वस्ताद, दारात आलेली गाडी तुम्ही जाळी न धुता कधी सोडलीय का?"