सहा देशांचा फोटो

सहा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून नियम केला होता की लाल शेवाळ धरलेल्या बर्फाला उघडा हात लावायचा नाही आणि त्यावर पाय तर मुळीच द्यायचा नाही. संशोधन सहायिकेनं तो खाटेएवढा लाल पट्टा तीन आठवडे तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. आज नमुने घ्यायचे, तर नेमके आजच सहाही देशांचे पथकप्रमुख फोटोसाठी हजर.

मधोमध झेंडा कुणाचा, यावर त्यांनी तासभर हुज्जत घातली. मग "रंग काय उठून दिसतोय!" म्हणत सगळे त्या पट्ट्यावरच उभे राहिले. फोटो मनासारखा येईना, म्हणून तीनदा जागा बदलल्या. "सर, अहो सर!" करून तिचा घसा बसला.

तंबूत परतल्यावर जमिनीभर गुलाबी पावलं उमटली. तिचे सर खुर्चीत रेलून बातमी सांगू लागले. "लिही. माणसाचा पाय न लागलेल्या बर्फावर सहा देशांचं संयुक्त संशोधन." मग त्यांना आठवलं. "नमुने घेतलेस ना गं?"

 तिनं निर्जंतुक पिशवी उघडली, चमचा काढला आणि त्यांच्या खुर्चीपुढे खाली बसली.

"सर, पाय वर करा."