फटफटीला कुंकू

केळीच्या मळ्यापाशी फटफटी पुन्हा बंद पडली. हिलालने किक मारली. ती सुरू झाली, चार हात पुढे गेली, ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाली. मांडीवर पिशवी घेऊन मागे बसलेली चेतना मुकाट्याने उतरली. कालही ती इथेच उतरली होती. परवाही.

"भंगारनी औलाद!" हिलाल ओरडला आणि गाडी ढकलत परत गावाकडे, ब्राह्मणपुरीकडे वळला.

आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या गावातल्या सगळ्या लेकी परत गेल्या होत्या. निंबाचे झोके उतरले होते. हिलालची लेक चेतना तेवढी राहिली होती. तळोद्याकडच्या व्याह्यांना त्याने शब्द दिला होता, मी स्वतः आणून सोडतो. आता त्यांचे रोज फोन येत आणि हा रोज गाडीचं रडगाणं सांगे. "नाचता येईना अंगण वाकडं," असं व्याही हसून म्हणाले, तेव्हापासून तर त्याचं डोकंच फिरलं होतं. एस.टी.ने पाठव म्हटलं की तो आणखी चिडे. शब्द म्हणजे शब्द.

चेतनाला जायचंच नव्हतं. "आबा, माले तठे जानं नही शे," तिने एकदा धीर करून सांगितलं होतं. तिच्या दंडावरचे वळही त्याने पाहिले होते.

"भांडाले भांडं लागसच. लेक सासरलेच सोभस," असं म्हणून त्याने तोंड फिरवलं होतं.

फटफटीचं मात्र तो सगळं ऐकून घेई. प्लग बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला, वायरी तपासून झाल्या. फिटर गल्लीत दोन चकरा मारून येई तेव्हा गाडी अगदी गुणाची. मग त्याची बायको निर्मलाबाई लेकीची ओटी भरी, तिला कुंकू लावी, टाकीच्या झाकणालाही लावी. दोघं निघत, आणि मळा आला की ये रे माझ्या मागल्या.

आज अंगणात येताच हिलालने गाडी स्टँडवर लावली. पेट्रोलमध्ये पाणी असेल, एवढाच संशय उरला होता. त्याने टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत शिरली. तो चमकला. त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. त्यातून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. ते भोक कुंकवाने बुजलं होतं.

हिलालने कपाळावर हात मारून घेतला. इतक्या दिवसांचा सगळा राग बायकोवर निघाला.

"तुन्हा कुकूनी मन्हा जीव खादा! एवढी कशी देवभोळी तू?"

पण त्याला हायसंही वाटलं. रोग सापडला होता. आता ऊन चढायच्या आत तो लेकीला पोचवून येणार होता. ओट्यावर बसलेल्या चेतनाने पिशवी छातीशी घट्ट धरली.

"पिन दे," तो म्हणाला.

निर्मलाबाईने बांगडीत अडकवलेली पिन काढून दिली. हिलाल भोक कोरू लागला. वरचं कुंकू लगेच झडलं. खाली मेण होतं, नखाने दाबून दाबून बसवलेलं.

त्याचा हात थांबला.

"कुकू समजनं. मेण कसाले?"

निर्मलाबाईने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता.

"माले आठे सासरले सोडताना मन्हा बापनी फटफटी एकदाव बी बंद पडनी नही."