‘बी’ वरचे मामा

बस उशिरा आली. कृष्णनाथ सर्वण गावच्या मैदानावर पोहोचले तेव्हा स्वयंसेवकांना सूचना देऊन झाल्या होत्या. भाची क्षमा हातात यादी घेऊन धावत आली आणि तिने त्यांना थेट ‘बी’ लिहिलेल्या फळीपाशी उभं केलं.

“मामा, गौरवीचो घोडो लागीं आयलो की मोट्यान ‘बी’ म्हणचें. एकदांच हां. आज तिका पासष्ट टक्के मेळ्ळे तर ती देशाच्या संघात वतली, दिल्लीक खेळूंक.”

“अक्षर इतलें व्हड रंगयलां न्हय? मागीर ओरडपाचें कित्याक?”

पण क्षमा तोवर पुढच्या फळीकडे पळाली होती.

ही काही शर्यत नव्हती. ठरलेल्या अक्षरापाशी घोडा वळवायचा, थांबवायचा, नाचवल्यासारखा चालवायचा, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. कृष्णनाथांच्या देखत तिघं जण फिरून गेले, कुणासाठी कोणी ओरडलं नाही. गौरवीसाठी मात्र आठ अक्षरांवर आठ माणसं. बड्या बापाची लाडकी लेक असणार, त्यांनी ताडलं.

ती घोड्यावरून आत आली. कृष्णनाथांनी रीतीप्रमाणे हात जोडले. तिने मान ताठच ठेवली, साधं हसलीसुद्धा नाही. चढेल पोर! तरी काम ते काम. निवृत्त झाल्यापासून घरी पद्मावती सारखी बजावायची, “हळू उलयात, ही बस न्हय.” आज त्या तीस वर्षांच्या कंडक्टरी आवाजाला कुणीतरी बोलावलं होतं, याचाच त्यांना कोण आनंद झाला होता.

घोडा कोपऱ्यावरून वळला. टापा जवळ आल्या. कृष्णनाथांनी छाती भरून श्वास घेतला आणि सवयीने घात केला.

“बी बी बी बीऽऽ!”

म्हापशाच्या गाडीला माणसं भरावीत तसं. शेजारच्या फळीवरचा प्रशांत तोंड दाबून हसला. घोड्याने कान टवकारले, परीक्षकांनी माना वर केल्या. मेलो, कृष्णनाथांना वाटलं, पोरीचं वर्ष बुडवलं. घोडा मात्र बरोब्बर फळीसमोर वळला आणि डौलात पुढे गेला.

अडुसष्ट टक्के! कर्ण्यावरून जाहीर झालं तसं मैदान टाळ्यांनी दणाणलं. कृष्णनाथ नाचायचेच काय ते बाकी होते. इतक्यात प्रशांत आला.

“काका, गौरवी तुमकां आपयता.”

बोलावणं म्हणजे आता खरडपट्टी निघणार. माफीची वाक्यं जुळवत ते हिरवळीवरून तिच्यापाशी गेले. टाळ्या अजून चालूच होत्या. गौरवी घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होती, हसू तोंडावर मावत नव्हतं. घोड्यापलीकडे खोगीर सोडवणाऱ्या मैत्रिणीला ती म्हणाली, “सिद्धी, ते बी वयले मामा येवंक नाय गो अजून? दिल्लीक म्हाका तोच आवाज जाय, दुसरो नाका.”

कृष्णनाथ हात जोडून तिच्यासमोर हातभर अंतरावर उभे होते, आणि तिचे उघडे डोळे त्यांच्याच तोंडावर होते.