आतल्या बाजूचं कुलूप

“कुलूप आतल्या बाजूनं बसवायचं,” रोहिदास म्हणाला. “बाहेर जाणाऱ्याला नंबर दाबावा लागला पाहिजे. आत येणाऱ्याचा काय सवाल न्हाई.”

महेजबीननं टेबलावरचा बोर्ड पुढे ओढला. ना पडदा, ना डबा. हाताच्या दोन पंज्यांएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिप्स, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल आकडे उमटणारी छोटीशी खिडकी. अख्खा कॉम्प्युटर त्या एका पाटीवर. १९९८ साल होतं. शिरूरच्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवायची, तिथं पोरांच्या हाती द्यायला एवढंच परवडत होतं. पोरं त्यावर दोन आकड्यांची बेरीज करायची, परीक्षा द्यायची आणि विसरून जायची. महेजबीननं मात्र एक जुना बोर्ड स्वतःसाठी घेऊन ठेवला होता. त्याच्याकडून एकदा तरी खरंखुरं काम करून घ्यायची तिला फार हौस. आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी काम घेऊन दारात आलं होतं.

रोहिदास निमोण्याचा. रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या स्टोअरच्या दाराला नंबरचं कुलूप होतं. ते बघूनच त्याच्या डोक्यात हे शिरलं होतं.

“साधं कुलूप का लावत नाही?”

“किल्ली सापडतीय. कुठंबी लपवा, हात बरोबर तिथं जातोय.” त्यानं आवाज खाली आणला. “घरातलं माणूस रातचं उठून बाहेर जातंय, मॅडम.”

“कुठं?”

“ते ठाव असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?”

महेजबीननं त्याच्याकडं नीट पाहिलं. राकट हात, खाली घातलेली मान.

“बायकोशी बोललात का?”

“तिनं लई दिस लपवलं. आता गावात कुजबुज व्हाया लागलीय.” त्यानं बोर्डाकडं बोट केलं. “व्हईल का, तेवढं सांगा.”

नाही म्हणायला हवं होतं. पण तिचं डोकं केव्हाच कामाला लागलं होतं. बटणं आहेतच. वीज दिली की कडी मागं ओढणारी एक कॉइल. लाईट गेली तर बॅटरी.

“होईल,” ती म्हणून गेली.

घरी आईला, लालबीला, तिनं सगळं सांगितलं. लालबी भाजी निवडत होती.

“म्हणजे एका बाईला कोंडायचं यंत्र करतेस तू.”

“मी नाही केलं तर तो दाराला खिळे ठोकेल, अम्मी.”

“मग ठोकू दे त्याला. तू कशाला ठोकतेस?”

 तरी महेजबीन बोर्डापुढून उठली नाही. कोण असेल ती बाई? कुठं जात असेल? कुणाकडं? आणि का? प्रोग्रॅम लिहिताना हेच तिच्या मनात घोळत राहिलं. मग एकदा बसल्या बसल्याच तिला सुचलं. दार एका नंबरानं उघडायचं, ते दोन नंबरांनी उघडलं तर बोर्डाला काय फरक पडणार होता? एक नंबर नवऱ्याला सांगायचा. दुसरा बाईला, गुपचूप.

कडी पहिल्यांदा खट्कन मागं सरली, तेव्हा ती एकटीच हसली. मग त्या हसण्याचीच तिला लाज वाटली.

एका रविवारी सकाळी ती बोर्ड घेऊन निमोण्याला गेली. रोहिदासची बायको शेवंता दारातच उभी होती. डोळे ओढलेले, कित्येक दिवस झोप नसल्यासारखे. चहाचा कप पुढं करताना तिचा पदर सरकला आणि मनगटावर बोटांचे निळसर वळ दिसले. 

तारा जोडून झाल्या. रोहिदास ड्रिल परत द्यायला शेजारी गेला, तशी शेवंता जवळ सरकली.

“ताई, ह्ये बंद तर पडणार न्हाई ना? लाईट गेल्यावर?”

“नाही. आत बॅटरी आहे.” महेजबीननं दाराकडं एकदा पाहिलं. “पण तुम्ही घाबरू नका. तुमच्यासाठी वेगळा नंबर ठेवलाय. ऐका.”

तिनं चार आकडे हळूच सांगितले. शेवंतानं ते ओठांतल्या ओठांत घोकले. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ह्यांना ठाव हाय ह्यो?”

“नाही.”

“मग सांगू नका. कितीबी इचारलं तरी.”

“मरेपर्यंत नाही सांगणार,” महेजबीन म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. लालबीला आता तोंड दाखवता येणार होतं.

रोहिदास परत आला. आत येऊन त्यानं दार लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज झाला. त्यानं दार ओढलं, मग पाय रोवून जोरानं ओढलं. चौकट करकरली, कडी हलली नाही. भलतीसलती दोन-चार बटणं दाबून पाहिली. बोर्डाच्या खिडकीत लाल आकडे उमटले आणि विझले. तेव्हा कुठं त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. शेवंता भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत होती.

“जमलं, मॅडम. आता न्हाई जाता यायचं.”

त्याचं ते हसू महेजबीनला सहन होईना. लवकर आटोपून निघावं म्हणून ती कोरड्या आवाजात म्हणाली, “नंबर लक्षात ठेवा. पहिला आकडा...”

रोहिदास दचकून मागं सरला. त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले.

“मला नगा सांगू, मॅडम. तिलाच सांगा,” तो म्हणाला. “झोपेत उठून इहिरीच्या काठावर जाऊन हुभा राहतो, त्यो मी हाय.”