घर गरीब नाही

"लिही, तीन वेळा भात," थोन म्हणाला. "मासे रोज. मोटरची होडी आहे, टीव्ही आहे, फोन आहे. आम्ही काही गरीब नाही."

पाहणीला आलेल्या सोवान्नीने टॅबलेटवर खुणा केल्या. सरोवरावरच्या या तरंगत्या वस्तीतलं हे तिचं सकाळपासूनचं चौथं घर. थोन दारात मांडी घालून बसला होता. त्याची बायको सारोम आत फळ्यांवर उकिडवी बसून टोपलीभर बारीक मासळीची मुंडकी उडवत होती. प्राहोक, म्हणजे खारवून आंबवलेली मासळी, घालायचे दिवस. मासळी आजच मीठ लावून बरण्यांत दाबायला हवी होती.

"काका, मावशी काय काम करतात?"

"ती? ती घरीच असते."

सारोमची सुरी थांबली नाही.

सोवान्नीने तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "आता मावशींशी बोलायचंय. यंदा घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं, एकट्याला, असा नियम आहे."

"विचार की. मी कुठे तिचं तोंड धरलंय?" थोन जागचा हलला नाही. "तिला नाही आलं तर मी सांगेन."

सोवान्नी अशाच घरात वाढली होती. "बरं," ती म्हणाली, "तोवर होडीची लांबी मोजून देता का? अंदाजे नको, टेपने."

होडीचं नाव काढताच थोन उठला. टेप घेऊन मागच्या बाजूला गेला.

सोवान्नी सारोमजवळ सरकली. "मावशी, गेल्या सात दिवसांत दुसऱ्यांना पुरावं म्हणून कधी कमी खाल्लंत?"

"बायका कमीच खातात."

"तुम्ही?"

"उरलं तर खाते. या आठवड्यात चारदा उरलं."

"काही दुखणं?"

सारोमने आणखी एक मुंडकं उडवलं. मग मान वर न करता म्हणाली, "अंग बाहेर येतं. दोन वर्षं झाली. दिवसभर असं बसलं की जास्तच. कापड बांधते."

"काकांना माहीत आहे?"

"हे काय पुरुषाला सांगायचं?" तिने सुरी खाली ठेवली. "गरिबांचं कार्ड असलं की दवाखान्यात फुकट करतात म्हणे. मागे कार्डवाले आले होते. मोटर बघितली, टीव्ही बघितला आणि गेले. पोरी, एक विचारू? घर राहू दे तसंच. त्यातल्या मला एकटीला गरीब लिहिता येतं का?"

सोवान्नीने टॅबलेट मांडीवर ठेवला.

"यंदा येतं," ती म्हणाली. "पण यातून कार्ड नाही मिळत, मावशी. हे नुसतं मोजायला आहे. बायका कशा राहतात ते शहरातली माणसं वाचतात."

"खरंच वाचतात?"

"वाचतात."

"सात मीटर तीस!" बाहेरून थोन ओरडला.

"रुंदीपण लागते!" सारोमनेच ओरडून सांगितलं.

सोवान्नीने चमकून तिच्याकडे पाहिलं. सारोमने हात धुतले, गळ्यातल्या पंच्याला पुसले, टोपली बाजूला सारली आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

"विचार. सगळं विचार."

ती सांगत गेली. पहाटे किती वाजता उठते ते. मोटर तिची कानातली विकून आली, कागद थोनच्या नावावर. फोन तिने एकदाच हातात घेतला होता, आई गेल्याचं कळलं तेव्हा. बरण्या भरते ती, विकतो तो. मध्येच ती स्वतःशीच हसली. सोवान्नीने घाई केली नाही.

दारात सावली पडली. थोन टेप गुंडाळत उभा होता. "एवढं काय सांगतेयस? मासळी नासेल ना."

सोवान्नी टॅबलेट मिटायला लागली. सारोमने तिच्या मनगटावर हात ठेवला. पाय काही आवरून घेतले नाहीत.

"बाहेर बसा थोडं," ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली. "माझं सांगून व्हायचंय अजून."