शेठ जेवला का?

शेठने पुन्हा तोंड फिरवलं. सिरिंजमधली हिरवट पेज त्याच्या हनुवटीवरून ओघळून गिरिजाच्या गाउनवर सांडली.

"असं काय करतोस रे? एवढं तरी घे," ती म्हणाली. टॉवेलात गुंडाळलेला ससा तिच्या मांडीवर ताठ बसून राहिला. नाक तेवढं हलत होतं.

शेठच्या दाढा वाढून जिभेत रुतत होत्या. डॉक्टरांनी भूल देऊन त्या घासल्या, पू झालेली एक काढून टाकली. ऑपरेशन नीट झालं. पण घरी आल्यापासून त्याने स्वतःहून गवताच्या काडीलाही तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेली पावडर कोमट पाण्यात कालवायची आणि जबड्याच्या कडेने थोडी थोडी आत सोडायची, असं चाललं होतं. "सशाचं पोट थांबलं की ससा राहत नाही," त्यांनी बजावलं होतं. "भरवत राहा. स्वतः खायला लागला की सुटलात."

शेठ समिधाचा. समिधा गिरिजाची एकुलती एक. नवरा गेल्यापासून नवघरच्या या घरात मायलेकी दोघीच, आणि तिसरा हा शेठ. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेल्या समिधाला जर्मनीत नोकरी लागली होती. भाषेची परीक्षा झाली, व्हिसा आला. तिकीट काढायचं की नाही, एवढंच नोकरी लावणाऱ्या एजन्सीला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आणि समिधाने एकच धरून ठेवलं होतं. "तो स्वतःहून खाल्ल्याशिवाय मी जाणार नाही. नाही म्हणून सांगेन त्यांना."

गिरिजाला घरात बसवत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून ती गॅलरीत जाई, तिथून पिंजऱ्यापाशी, तिथून पुन्हा दुधाकडे. दूध उतू गेलंच. शेठने तोंड फिरवलं की तिला त्याची काळजी वाटायची, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

दुपारी ती जमिनीवर पेपर पसरून कोथिंबीर निवडायला बसली. शेठला जरा मोकळा सोडला होता. मोबाइल वाजला. कुठल्याशा कंपनीचा फोन होता. तो कापून ती वळली, तर कोथिंबिरीची एक काडी पेपरवरून सरकत होती. शेठच्या तोंडात ती आत आत चालली होती. कुरकुर कुरकुर, बारीक आवाज येत होता. काडी संपली. त्याने दुसरी ओढली.

गिरिजाने श्वास रोखून धरला. तिचे डोळे भरून आले. "खाल्लंस रे राजा!" म्हणत तिने समिधाला फोन लावायला मोबाइल उचलला. नंबर काढला. अंगठा तिथेच थांबला.

मग तिने पेपर गुंडाळला. सांडलेली पानं बोटांनी टिपून घेतली. शेठला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

समोरच्या बिल्डिंगमधली हेमालीबेन दोरीवरचे कपडे काढत होती. "गिरिजाबेन, खाया क्या आपके शेठ ने?"

"नहीं ना. कुछ नहीं खाया."

"अरे रे. फिर बेबी कैसे जाएगी?"

"देखते हैं," गिरिजा म्हणाली आणि आत आली. नळाखाली हात धरून ती बराच वेळ नुसती उभी राहिली.

समिधा ड्यूटीवरून आली. बॅग खांद्यावरून उतरायच्या आतच तिने विचारलं, "खाल्लं?"

"चहा टाकते तुला," गिरिजा म्हणाली. वेलचीचा डबा हाताशीच होता, तरी ती तो शोधत राहिली.

समिधाने हात धुतले, पावडर कालवली, सिरिंज भरली, शेठला टॉवेलात गुंडाळलं. आज शेठ गप्प बसला नाही. त्याने मागच्या पायांनी लाथा झाडल्या. समिधाने त्याचं डोकं दाबून धरलं. पेज नाकात गेली आणि तो शिंकला. पुन्हा शिंकला.

"सोड त्याला!" गिरिजा ओरडलीच. "खाल्लंय त्याने. दुपारी. कोथिंबीर. स्वतःहून."

समिधाचा हात थांबला. "मग फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू गेली असतीस." गिरिजाची मान खाली गेली. "हेमालीबेनला खोटं सांगितलं. तुलाही तेच सांगणार होते. चुकलं माझं. कळव तुझ्या त्या एजन्सीला, येते म्हणून."

आता पोरगी चिडेल, नाहीतर आनंदाने उडी मारेल, असं गिरिजाला वाटलं. समिधाने यातलं काहीच केलं नाही. तिने टॉवेल सोडला. शेठ सोफ्याखाली पळाला. ती मात्र सिरिंज हातात धरून तिथेच बसून राहिली.

"आई, तो कालपासून खातोय."

"काय?"

"पहाटे खातो. तू उठायच्या आत मी गवत पुन्हा भरून ठेवते. लेंड्या झाडून टाकते."

गिरिजाला आधी काही उमगेना. ती लेकीकडे बघत राहिली. दुसऱ्यांच्या घरच्या आजाऱ्यांना धीर देणारी ही मुलगी भिंतीला टेकून बसली होती.

"तिथे माझं कुणी नाही गं," समिधा म्हणाली. "मला भीती वाटते."

गिरिजा तिच्या शेजारी फरशीवर बसली. तिने समिधाच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि त्याच हातात मोबाइल ठेवला.

"मग घाबरत घाबरत जा," ती म्हणाली. "मीही इथे घाबरत घाबरतच राहीन."