वहिनीचे फासे

“राक्षस मारायच्या या खेळात उतरायच्या आधी प्रत्येकाने आपला वीर बनवायचा. तीस गुण मिळतात, ते ताकद, अक्कल आणि लाघव यांत हवे तसे वाटायचे. म्हणजे कुणावर अन्याय नाही,” नवऱ्याने तिला समजावलं. दोन्ही दिरांनी माना डोलावल्या. तिघांनीही आपापल्या कागदावर ताकद आणि अक्कल ठासून भरली होती. लाघवाच्या नावाने तिघांचीही बोंब.

“असली वाटणी मला नाही जमायची. मी आपली दर खेपेला तीन फासे टाकते, पडेल ते माझं,” ती म्हणाली. ताकद पडली चार, अक्कल जेमतेम नऊ आणि लाघव अठरा! धाकटा दीर खो खो हसला. “वहिनी, राक्षसाला काय गोड बोलून मारणार?”

लढाई सुरू झाली. तिघांनी आरोळ्या ठोकल्या, टेबल बडवलं आणि दाराची बेल वाजली.

“कोण आहे रे घरात?” खालच्या मजल्यावरचे काका बाहेरून गरजले.

राक्षसाला न भ्यालेले तिन्ही वीर गारठले. “तू जा.” “मी नाही बाबा! मागच्या वेळी गेलो, तर भांडण आणखी वाढलं.” मग तिघांनीही गुपचूप तिच्याकडे पाहिलं.

ती उठली. दाराशी आधी काकांचा चढा आवाज ऐकू आला, मग तिचा आणि मग चक्क काकांचं हसू. थोड्या वेळाने ती त्यांना घेऊनच आत आली.

“काकांनाही खेळायचंय. गुण किती द्यायचे यांना?”

नवऱ्याने आपला कागद चुरगळला. “गुणांचं राहू दे. फासे दे त्यांना. आणि मग मलाही.”